बिननावाड्याची होडी आणि नदीतला कचरा

दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन बंदरात रिचर्ड हार्डिमन या गृहस्थांना एक दृश्य दिसले. एका लहान होडीत दोन माणसे होती. पोहण्याच्या तलावातील पाने काढण्यासाठी लांब दांड्याचे जे जाळे वापरतात, तसल्या जाळ्याने ती पाण्यावरचा कचरा उपसत होती. बंदर केवढे, जाळे केवढे! हे काम एखाद्या यंत्राला सांगता येणार नाही का, असे हार्डिमन यांच्या मनात आले. त्यातूनच पुढे नेदरलँड्समधील रॉटरडॅम बंदरात 'वेस्टशार्क' ही होडी तयार झाली. तिच्यात वल्हेकरी नाही, सुकाणूवर कोणी बसलेले नाही. पाण्यात सोडली की ती ठरवून दिलेल्या मार्गाने स्वतःच फिरते, वाटेतला तरंगता कचरा पोटात घेते आणि परत येते.

अशा होड्यांची चित्रे वर्तमानपत्रांत आली की शाळेतील मुले हमखास एक प्रश्न विचारतात : "सर, ही होडी आपल्या नदीत सोडली तर नदी स्वच्छ होईल का?" प्रश्न सरळ आहे, पण त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. ते शोधण्यासाठी थोडे यंत्रशास्त्र, थोडे गणित आणि बरेचसे पाण्याचे विज्ञान लागते. या लेखात आपण तेच करू.

मुशीचे तोंड

शार्क माशाला कोकणात मुशी म्हणतात. मुशी म्हटली की आपल्याला तीक्ष्ण दात आठवतात. पण या कुळातील सर्वांत मोठा मासा, म्हणजे व्हेल शार्क, निराळ्याच रीतीने पोट भरतो. तो आपले रुंद तोंड उघडे ठेवून संथपणे पोहतो. पाणी तोंडात शिरते, कल्ल्यांतून बाहेर जाते आणि पाण्यातील सूक्ष्म जीव आत अडकतात. हा मासा आपल्या अरबी समुद्रातही येतो.

वेस्टशार्कची रचना नेमकी अशीच आहे. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन लांबट तरंगत्या पेट्या, त्यांच्या मध्ये पुढून उघडी अशी जाळीची टोपली, आणि मागे विजेवर फिरणारे दोन पंखे. होडी पुढे सरकली की पाणी टोपलीतून आरपार जाते आणि बाटल्या, पिशव्या, पाने मागे उरतात. तिची लांबी सुमारे दीड मीटर असते, म्हणजे ती आपल्या वर्गातील बाकाहून फार मोठी नाही. टोपलीत सुमारे १६० लिटर कचरा मावतो. वेग ताशी ३ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाएवढा. विद्युत्‌घट एकदा भारले की ती सुमारे आठ तास चालते.

तिला वेगळे सुकाणू लागत नाही. डावा पंखा जोरात आणि उजवा हळू फिरवला की होडी उजवीकडे वळते. एक पुढे व एक उलटा फिरवला की ती जागच्या जागी गिरकी घेते. बैलगाडी वळवताना एका बाजूचा बैल पुढे काढून दुसऱ्याला रोखून धरतात, तशातलाच हा प्रकार.

होडीला वाट कशी कळते?

येथे दोन शब्दांतील फरक आधी समजून घेऊ. १८९८ साली निकोला टेस्ला या शास्त्रज्ञाने न्यूयॉर्कमध्ये लोकांना एक छोटी होडी दाखवली. तारेचा संबंध नसताना, रेडिओलहरींच्या साहाय्याने, तो ती दुरून हवी तशी वळवत होता. पाहणारे चकित झाले. पण ती होडी दूरनियंत्रित होती. निर्णय टेस्ला घेत होता, होडी फक्त आज्ञा पाळत होती. आपण ज्या होडीबद्दल बोलत आहोत ती स्वयंशासित आहे. "या तळ्याचा हा कोपरा झाड" एवढे सांगितले की कुठे वळायचे, किती वळायचे, हे तिचे तिने ठरवायचे.

त्यासाठी तिला प्रथम 'मी कुठे आहे' हे कळावे लागते. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून मार्गदर्शक उपग्रह फिरत असतात. प्रत्येक उपग्रह अत्यंत अचूक घड्याळाची वेळ रेडिओलहरींनी सतत सांगत असतो. लहरींचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. म्हणजे डोक्यावरच्या उपग्रहाचा संदेश आपल्याकडे पोहोचायला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. किती वेळ लागला ते कळले की अंतर कळते, आणि तीन उपग्रहांपासूनची अंतरे कळली की आपले स्थान कळते. मग चौथा उपग्रह कशाला लागतो? होडीतील घड्याळ स्वस्तातले असते म्हणून. ते सेकंदाच्या दहा लक्षांश भागाने जरी चुकले, तरी अंतरात ३०० मीटरची चूक होईल! चौथ्या उपग्रहाच्या संदेशावरून होडी आपले घड्याळ दुरुस्त करून घेते.

एवढे करूनही साध्या ग्राहक यंत्राच्या उत्तरात काही मीटरांची चूक राहतेच. मोठ्या तळ्याच्या मध्यभागी तिने बिघडत नाही. धक्क्याच्या भिंतीलगत मात्र दोन मीटरांची चूक म्हणजे टक्कर. पुलाखाली तर उपग्रहाचा संदेशच नीट मिळत नाही. ॲमस्टरडॅम शहरातील कालवे अरुंद, दोन्ही काठांना उंच घरे आणि पावलोपावली पूल. तेथे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि ॲमस्टरडॅममधील एक संशोधनसंस्था यांनी मिळून 'रोबोट' नावाच्या होडीवर अनेक वर्षे प्रयोग केले. (यंत्रमानव आणि होडी या दोन इंग्रजी शब्दांची ही सांधेजोड आहे.) २०२१ साली पाण्यात उतरलेली त्यांची पूर्ण आकाराची होडी ४ मीटर लांब आणि २ मीटर रुंद आहे. माणसे, माल आणि कचरा वाहून नेणे ही तिची योजलेली कामे. ती आपले स्थान ओळखते ते लेसर किरणांनी. किरण सोडायचा, तो भिंतीवर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचे. प्रकाश सेकंदाच्या एक अब्जांश भागात ३० सेंटिमीटर जातो. तेव्हा ३ मीटरवरील भिंतीपर्यंत जाऊन परत यायला त्याला असे २० भाग लागतात. सर्व दिशांना असे किरण सोडून होडी भोवतालचा नकाशा तयार करते. वटवाघूळ आवाजाने करते ते ही प्रकाशाने करते.

स्थान कळले, आता सरळ जायचे. हे वाटते तितके सोपे नाही. सायकल शिकतानाचे दिवस आठवा. डावीकडे झुकलो की आपण घाबरून हँडल पुरे उजवीकडे फिरवायचो, की लगेच उजवीकडे झुकायचो. केवळ 'आता किती चुकले' एवढेच पाहून दुरुस्ती करणारे यंत्र असेच नागमोडी जाते. १९२२ साली निकोलस मिनोर्स्की या रशियात जन्मलेल्या अमेरिकी अभियंत्याने जहाजावरचे अनुभवी सुकाणूवाले कसे काम करतात याचा विचार करून स्वयंचलित सुकाणूचे गणित मांडले, आणि 'न्यू मेक्सिको' या युद्धनौकेवर त्याचे प्रयोग झाले. त्याच्या लक्षात आले की चांगला सुकाणूवाला तीन गोष्टी एकदम ध्यानात घेतो. जहाज मार्गापासून आता किती ढळले आहे ही पहिली. ते किती झपाट्याने ढळत आहे ही दुसरी. झपाट्याने परत येत असेल तर तो आधीच हात आवरतो. आणि तिसरी, बराच वेळ ते एकाच बाजूला ढळलेले राहिले आहे काय? तसे असेल तर बाजूने वारा किंवा प्रवाह लागत असला पाहिजे, म्हणून तो सुकाणू थोडे कायमचेच वळवून धरतो. या तीन गोष्टींची बेरीज करून यंत्राला आज्ञा देण्याची ही रीत आज शंभर वर्षांनंतरही कारखान्यांतील भट्ट्यांपासून या कचरा वेचणाऱ्या होड्यांपर्यंत सर्वत्र वापरात आहे. कोकणातल्या एखाद्या म्हाताऱ्या तांडेलाला हे सूत्र लिहून दाखवले तर तो म्हणेल, हे मी लहानपणापासून करतो आहे, त्यात गणित कसले!

बदक की बाटली?

काही होड्यांना कॅमेऱ्याचे डोळेही असतात. हाँगकाँग विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी सुरू केलेली 'क्लिअरबॉट' ही अशांपैकी एक. संगणकाला कचऱ्याची हजारो छायाचित्रे दाखवायची आणि प्रत्येकात काय आहे ते सांगायचे. पुष्कळ उदाहरणे पाहिल्यावर न पाहिलेल्या चित्रातील बाटलीही त्याला बाटली म्हणून ओळखता येऊ लागते. लहान मूल कावळा ओळखायला शिकते तसेच काहीसे. फरक एवढाच की मुलाला चार-सहा कावळे पुरतात.

पाण्यावर मात्र डोळे फसतात. लाटेवर चमकणारे ऊन, ढगाचे प्रतिबिंब, अर्धवट बुडालेली पिशवी आणि कमळाचे पान यांत यंत्राची गफलत होऊ शकते. म्हणूनच या होड्या मुद्दाम सावकाश चालतात. बदकाला बाजूला व्हायला वेळ मिळतो.

किलो की लिटर?

आता जरा हिशेब करू. वेस्टशार्क दिवसाला ५०० किलोपर्यंत कचरा गोळा करू शकते, असे तिचे निर्माते सांगतात. हा आकडा वाचून आपण काय समजायचे?

टोपली १६० लिटरची. समजा पाण्यावर फक्त एक-एक लिटरच्या रिकाम्या, बूच लावलेल्या बाटल्या आहेत. बाटल्यांमध्ये फटी राहणारच, म्हणून टोपलीत सुमारे शंभर मावतील असे धरू. रिकामी बाटली साधारण २५ ग्रॅमची. म्हणजे टोपली भरली तरी वजन अवघे अडीच किलो! ५०० किलो व्हायला २०० फेऱ्या हव्यात. उलट, टोपलीत पाण्याने जड झालेला पाला, शेवाळ आणि वनस्पती आल्या, तर तिच्यात ८० किलो सहज भरतील आणि सहा-सात फेऱ्यांतच काम होईल. आकडा खोटा आहे असे यातून निघत नाही. कचरा कोणत्या जातीचा, हे सांगितल्याशिवाय तो अपुरा आहे, एवढेच निघते. यंत्राच्या जाहिरातीत किलो दिसले की लिटर विचारावेत, आणि लिटर दिसले की किलो.

आपल्याकडच्या नद्यांत हा प्रश्न आणखी निराळा होतो. पंचगंगा किंवा मुळा-मुठा ज्यांनी उन्हाळ्यात पाहिली आहे त्यांना जलपर्णीचा हिरवा गालिचा ठाऊक असेल. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती अनुकूल परिस्थितीत साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते आणि तिच्या वजनाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पाणीच असते. १६० लिटरची टोपली तेथे काही मीटर जाताच गच्च भरेल, आणि पंख्यात मुळांचे जाळे अडकले की होडी जागच्या जागी थांबेल. अशा ठिकाणी पट्ट्यावरून वनस्पती वर ओढून कापणारी मोठी यंत्रनौकाच लागते, आणि ती चालवायला माणूसही.

होडी धावते की नदी?

या साऱ्यातला सर्वांत महत्त्वाचा हिशेब आता येतो. कागद-पेन्सिल घ्या.

होडीचे तोंड सुमारे १ मीटर रुंद आणि वेग ताशी ३ किलोमीटर मानू. म्हणजे तासाभरात ती ३,००० चौरस मीटर पाणी झाडते. आठ तासांत २४,००० चौरस मीटर, म्हणजे फुटबॉलची तीन-साडेतीन मैदाने. एखादे तळे, गोदी किंवा बंदराचा कोपरा यांसाठी हे काम चांगलेच आहे.

आता ३० मीटर रुंदीची एक मध्यम नदी घ्या. तिचे पाणी सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजे ताशी १.८ किलोमीटर वेगाने वाहते. पुलावर उभे राहून पाहिले तर तासाभरात आपल्या पायाखालून ३० गुणिले १,८००, म्हणजे ५४,००० चौरस मीटर पृष्ठभाग निघून जातो. आपली होडी त्यातला अठरावा भाग झाडणार. कचरा एकही निसटू द्यायचा नसेल तर अठरा होड्या हव्यात, आणि त्याही एकमेकींच्या वाटेत न येता.

हाच हिशेब उलटा वाचा. जी नदी आपली होडी हरवते, तीच ५४,००० चौरस मीटरांवरचा कचरा फुकटात आपल्यापाशी आणून देत आहे! मग होडीने त्याच्यामागे कशाला धावायचे? नदीत तिरपा तरंगता अडसर टाकावा, कचरा त्याच्या कडेने घसरत एका ठिकाणी यावा, आणि तेथे तो उचलणारे यंत्र नांगरून ठेवावे.

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात जॉन केलेट यांनी असेच केले. जोन्स फॉल्स नावाचा प्रवाह तेथे बंदराला मिळतो. त्याच्या मुखाशी २०१४ सालापासून एक तरंगते पाणचक्कीयंत्र उभे आहे. प्रवाहाने चाक फिरते, चाकाने पट्टा फिरतो आणि पट्टा कचरा वर ओढून पेटीत टाकतो. प्रवाह मंद असला की सौर विजेवर चालणारे पंप चाकावर पाणी सोडतात. त्याला 'मिस्टर ट्रॅश व्हील' असे नाव पडले आणि त्याच्यावर दोन मोठे गोल डोळेही बसवले गेले. आजवर त्याने एक हजार टनांहून अधिक कचरा काढला आहे. एकदा तर त्यावर एक जिवंत अजगर सापडला!

२०१९ साली 'द ओशन क्लीनअप' या डच संस्थेने 'इंटरसेप्टर' हे यंत्र जगापुढे आणले. मलेशियातील क्लांग नदी आणि इंडोनेशियातील जकार्ता शहराचा एक कालवा येथे ती प्रथम बसवली गेली. रूप नौकेचे, लांबी सुमारे २४ मीटर, पण ती जागची हलत नाही. तिचे शहाणपण पोटात आहे. पट्ट्यावरून आलेला कचरा आतल्या सहा पेट्यांत सारखा वाटला जातो, कोणती पेटी किती भरली हे संवेदक पाहतात, आणि सगळ्या भरत आल्या की ती काठावरच्या लोकांना तसा निरोप पाठवते. दिवसाला ५०,००० किलोपर्यंत कचरा काढण्याची तिची क्षमता असल्याचे संस्था सांगते. (किलो की लिटर, हा प्रश्न येथेही विचारायचा.) याच संस्थेच्या संशोधकांनी इतरांबरोबर २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार जगातील नद्यांतून समुद्रात जाणाऱ्या प्लॅस्टिकपैकी ८० टक्के प्लॅस्टिक एक हजाराहून थोड्या अधिक नद्यांतून जाते, आणि शहरांतून वाहणाऱ्या लहान नद्यांचा त्यात मोठा वाटा आहे.

म्हणजे वाहत्या पाण्यात यंत्राने उभे राहावे आणि साचलेल्या पाण्यात त्याने फिरावे. गोदीच्या कोपऱ्यात वाऱ्याने लोटलेला कचरा आपणहून कुठेच जात नाही. तेथे अडसर निरुपयोगी आणि फिरती होडी उपयोगी. बिननावाड्याच्या बहुतेक होड्या बंदरे, कालवे आणि तळी येथेच का दिसतात, याचे कारण हे आहे.

पूर आला तर?

पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. आपल्या होडीचा वेग सेकंदाला सुमारे ०.८३ मीटर. पावसाळ्यात नदी सेकंदाला २ मीटर वेगाने वाहू लागली, तर पुढे जाणे दूरच, केवळ जागेवर टिकायला होडीला नेहमीच्या सुमारे चौदा पट शक्ती लागेल. आठ तास पुरणारा विद्युत्‌घट मग अर्ध्या तासाच्या आसपास पुरेल, आणि मुळात पंखे तेवढी शक्ती देतील असे बांधलेलेच नसतात. होडी वाहून जाईल.

उभ्या यंत्रांनाही पूर सोडत नाही. ग्वातेमाला देशातील लास व्हाकास नदीत २०२२ साली कचरा अडवण्यासाठी पात्रात मोठे कुंपण उभारले होते. पुराने कुंपणाच्या पायाखालची माती खरवडून नेली आणि ते टिकले नाही. पुढच्या वर्षी तेथे एकामागे एक असे दोन तरंगते अडसर लावले गेले. महाराष्ट्रातील नद्यांचे बहुतेक सारे पाणी पावसाळ्याच्या चार महिन्यांत वाहते आणि आठ महिने नाल्यांत साचलेला कचरा पहिल्या मोठ्या पावसाबरोबर नदीत उतरतो. म्हणजे ज्या दिवशी कचरा सर्वांत जास्त, त्याच दिवशी होडी काठावर ओढून ठेवावी लागणार. तिचा उपयोग त्याआधी, उन्हाळ्यात, साचलेल्या डोहांत आणि नाल्यांच्या मुखांशी व्हायला हवा.

जे तरंगत नाही ते

होडी वरचेवर दिसणारा कचरा वेचते. पण प्लॅस्टिकही सगळे तरंगत नाही. पिशव्या आणि बाटल्यांची बुचे ज्यांची करतात त्या पॉलिथिलीन व पॉलिप्रॉपिलीन यांची घनता पाण्यापेक्षा थोडी कमी, ०.९० ते ०.९६ च्या दरम्यान असते, म्हणून ती तरंगतात. पाण्याची बाटली ज्याची करतात त्या प्लॅस्टिकची घनता मात्र १.३८ आहे. बूच लावलेली बाटली तरंगते ती आतल्या हवेमुळे. बूच निघाले, पाणी शिरले की ती तळाला जाते आणि होडीच्या दृष्टीने नाहीशी होते. गाळाने माखलेल्या पिशव्यांचीही तीच गत.

आणि विरघळलेल्या घाणीचे काय? नदीच्या पाण्याला काळा रंग आणि दुर्गंध येतो तो बाटल्यांमुळे नव्हे. घराघरांतील सांडपाणी प्रक्रिया न होता पाण्यात आले की जीवाणू त्यातील सेंद्रिय पदार्थ खाऊ लागतात आणि खाताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. २५ अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. तो ४-५ मिलिग्रॅमच्या खाली गेला की बऱ्याच जातींच्या माशांना त्रास होऊ लागतो. तो जवळजवळ संपला की ऑक्सिजनशिवाय जगणारे जीवाणू माजतात आणि कुजलेल्या अंड्यासारखा वास सुटतो. जगातल्या सगळ्या कचरा वेचणाऱ्या होड्या आणून सोडल्या तरी या पाण्यातला ऑक्सिजन एका मिलिग्रॅमनेही वाढणार नाही. शेवटची बाटली उचलल्यावर नदी दिसायला सुंदर आणि मासे मेलेले, असेही होऊ शकते.

तरीही या होडीकडून एक काम करून घेण्याजोगे आहे, आणि माझ्या मते ते बाटल्या उचलण्यापेक्षा मोठे आहे. वेस्टशार्कसारख्या होडीवर पाण्याचे तापमान, आम्लता, गढूळपणा आणि विरघळलेला ऑक्सिजन मोजणारे संवेदक बसवता येतात. माणूस काठावरून आठवड्याला एखादा नमुना घेतो. होडी मात्र फिरता फिरता दर काही सेकंदांनी एक नोंद घेऊ शकते, आणि प्रत्येक नोंदीबरोबर उपग्रहांनी सांगितलेली जागाही लिहिली जाते. या नोंदी नकाशावर मांडल्या की ऑक्सिजन कोठे एकदम खाली आला ते दिसते. तेथे काठाकडे पाहावे. एखाद्या नाल्याचे तोंड, एखाद्या झुडपाआडची नळी तेथे सापडण्याचा संभव असतो. ती नळी कोणाची, ती बंद कोणी करायची, हे पुढचे प्रश्न होडीच्या गणितात बसत नाहीत. पण नळी नेमकी कोठे आहे हे माहीत नसण्याची सबब मात्र राहत नाही.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. होडी धक्क्याला आली की टोपली कोणीतरी रिकामी करावी लागते. ओला कचरा निराळा, प्लॅस्टिक निराळे, काचा निराळ्या, हे माणसाचे हातच करतात. तेव्हा 'बिनमाणसाची सफाई' हा शब्द जरा जपून वापरावा. नाल्यात छातीभर पाण्यात उतरून कचरा काढणाऱ्या कामगाराला होडी काठावर आणू शकते, आणि ते थोडेथोडके काम नाही. पण काठावर त्याच्यासाठी हातमोजे, चांगली जागा आणि पुरेसा पगार आहे की नाही हे होडी ठरवत नाही.

वर्गात करून पाहा

(१) एका बादलीत पाणी घ्या. बाटलीचे बूच, बाटलीचा कापलेला तुकडा, पिशवीचा तुकडा, बिस्किटाच्या पुड्याचे वेष्टन, थर्मोकोलचा कण, आणि बूच लावलेली व न लावलेली अशा दोन लहान बाटल्या पाण्यात टाका. काय तरंगते, काय बुडते ते लिहा. पाण्यात मूठभर माती ढवळून दोन दिवस तसेच ठेवा आणि पुन्हा पाहा. यादी बदलली का?

(२) परातीत पाणी घेऊन त्यावर लाकडाचा भुसा पसरा आणि एका बाजूने हळू वारा घाला. भुसा कोठे जमतो? तुमच्या गावच्या तळ्यात कचरा कोणत्या कोपऱ्यात साठतो, आणि वर्षातील बहुतेक काळ वारा कोणत्या दिशेने असतो, यांची तुलना करा.

(३) हा प्रयोग शिक्षकांनी बरोबर असतानाच, पुलावर कठड्याच्या आत उभे राहून करायचा आहे. पाण्यात कोणीही उतरू नये. पुलाच्या वरच्या अंगाला काठावर २० मीटर अंतरावर दोन खुणा निवडा. वाहत येणारी एखादी काटकी पहिल्या खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत यायला किती सेकंद घेते ते मोजा. असे पाच वेळा करून सरासरी काढा. पुलाची लांबी पावलांनी मोजून नदीची रुंदी अंदाजे ठरवा. रुंदी, वेग आणि ३,६०० सेकंद यांचा गुणाकार करा. तासाला जितके चौरस मीटर पाणी पुलाखालून जाते तो आकडा फळ्यावर लिहा, त्याच्या शेजारी होडीचे ३,००० लिहा, आणि तुमच्या नदीला फिरती होडी हवी की उभे यंत्र, याचा निर्णय वर्गाने करावा. हाच प्रयोग जानेवारीत, मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये केला तर तिन्ही वेळा उत्तर एकच येते का तेही पाहावे.